ईस्ट बे प्रादेशिक उद्याने

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांमध्ये (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) पसरलेली सार्वजनिक उद्याने. ‘उद्यान’ म्हटल्यावर हिरवळ नि कारंजी डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र बहुतांश टेकड्या, कुरणे, रेडवुडची जंगले, तलाव आणि खाडीकिनारा आहे. सत्तरहून अधिक उद्याने, सुमारे सव्वा लाख एकर जमीन आणि दोन हजार किलोमीटरच्या आसपास पायवाटा असा हा पसारा ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’ सांभाळते. ही संस्था ना राज्याची, ना कुठल्या एका शहराची. तिचे सात संचालक थेट मतदारांनी निवडलेले असतात.

या उद्यानांचे मूळ पाण्याच्या कारभारात आहे. ओकलंड-बर्कली या इथल्या शहरांना पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीच्या टेकड्यांवरील जमिनी १९२८ मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठा मंडळाच्या ताब्यात आल्या. सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून पाणी येऊ लागल्यावर त्यांतली सुमारे दहा हजार एकर जमीन मंडळाला नकोशी झाली, आणि ती बांधकामासाठी विकली जाणार हे दिसू लागले. फिरायला जाणाऱ्या नागरिकांनी ती वाचवण्यासाठी चळवळ उभारली. उद्याने आखणारी ओल्मस्टेड बंधूंची संस्था आणि राष्ट्रीय उद्यान सेवेतील अ‍ॅन्सेल हॉल यांनी १९३० मध्ये पाहणी अहवाल दिला. उद्याने चालवायला मंडळ तयार नव्हते. म्हणून उद्यानांसाठी स्वतंत्र संस्था स्थापता यावी असा वेगळा कायदा १९३३ मध्ये विधिमंडळाकडून करून घ्यावा लागला.

नोव्हेंबर १९३४ मध्ये मतदान झाले ते ही संस्था स्थापून तिच्यासाठी थेट मालमत्ता कर वाढवण्यावर: दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे पाच सेंट. महामंदीचे दिवस होते, लोकांच्या हाताला काम नव्हते. तरीही सुमारे ७१ टक्के मते बाजूने पडली. कर लावून घ्यायला लोक आपणहून तयार झाले, ही या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. १९३६ मध्ये पहिली तीन उद्याने झाली: टिल्डन, सिब्ली आणि टेमेस्कल. रस्ते, भिंती, इमारती उभारायला मंदीतल्या सरकारी रोजगार योजनांचे मजूर मिळाले. पुढे १९६४ मध्ये कॉन्ट्रा कोस्टाचा बराचसा भाग सामील झाला. १९८८ आणि २००८ मध्ये मतदारांनी अनुक्रमे २२.५ कोटी व ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि जमीनखरेदीला वेग आला.

टिल्डन हे मुलाबाळांचे उद्यान. तिथे छोटी वाफेची आगगाडी, जुना लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड, पोहायला अँझा तलाव आणि ‘लिटल फार्म’ आहे. या फार्ममधल्या गाई-शेळ्यांना घरून आणलेले लेट्यूस व सेलेरी खाऊ घालता येते. पाव किंवा बिस्किटे चालत नाहीत. त्याच उद्यानातला एक रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वाहनांना बंद असतो, कारण पावसाळ्यात न्यूट नावाचे पालीसारखे दिसणारे उभयचर प्रजननासाठी पाण्याकडे जाताना तो ओलांडतात. (तिकडचा पावसाळा हिवाळ्यात येतो.) अन्यत्र मासेमारी, घोडेस्वारी, तंबूत मुक्काम चालतो. ब्लॅक डायमंड या उद्यानात कोळशाच्या व वाळूच्या जुन्या खाणी पाहता येतात.

गर्दीचा मोठा ताण मिशन पीकवर आहे. फ्रीमाँट शहरालगतचा हा सुमारे अडीच हजार फुटांचा डोंगर परिसरातल्या भारतीयांचा, त्यात मराठी मंडळींचाही, आवडता ट्रेक. शनिवार-रविवारी तिथे सिंहगडासारखी रीघ लागते आणि माथ्यावरच्या खांबापाशी फोटोसाठी रांग. पायथ्याचे वाहनतळ अपुरे पडल्याने गाड्या वस्तीत उभ्या राहू लागल्या, रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या. अखेर आसपासच्या गल्ल्यांत परवान्याशिवाय गाडी लावण्यावर निर्बंध आले. वळणे टाळून सरळ चढणाऱ्यांमुळे उताराची माती धुपते, ते दुखणे वेगळेच.

वाटेत गाई आडव्या आल्या तर नवल नाही. अनेक उद्यानांत गुरे मुद्दाम चारली जातात. गवत आखूड राहिले की उन्हाळ्यातल्या वणव्याला खाद्य कमी मिळते. सायकलस्वारांना बहुतेक ठिकाणी अग्निशमनासाठी काढलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवरच मुभा आहे. अरुंद पायवाटाही खुल्या कराव्यात ही त्यांची मागणी; पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांचा तिला विरोध, आणि हा वाद जुना आहे.