लडाख-स्पितीला गाडी घेऊन निघालात? नकाशाबद्दल थोडं

मे महिना लागला की आमच्या गॅरेजमध्ये रोज एक तरी जण लडाखची तयारी करून घ्यायला येतो. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच वायर, सगळं बदलून झालं, बिल दिलं, की हेल्मेट घालता घालता विचारतो, "आणि नकाशा कुठला घेऊ हो?" या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे पत्रक. गाडीच्या कागदांसोबत ठेवा आणि निघण्याच्या आदल्या रात्री नाही, निदान पंधरा दिवस आधी वाचा.

एकच एक चांगला नकाशा असा मिळत नाही. पुणे ते मनाली कुठलंही ॲप चालेल, तिथे पत्रकाची गरज नाही. पुढे मात्र दोन-तीन नकाशे सोबत लागतात आणि त्यातला प्रत्येक कधीचा आहे हे माहीत असावं लागतं. नवा म्हणून घेतलेला नकाशा पुष्कळदा जुन्याचीच नवी छपाई असते.

नकाशाचं वय कसं ओळखायचं

छपाईचं वर्ष कोपऱ्यात असतं, पण ते छपाईचं. आतली माहिती कधीची, हे नकाशाच सांगतो. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत तपासता येतं.

लडाख जम्मू-काश्मीर राज्याच्या आत दाखवलंय? मग माहिती ३१ ऑक्टोबर २०१९ च्या आधीची. तेलंगण नाही? जून २०१४ च्या आधीची. उत्तराखंडच्या जागी 'उत्तरांचल' लिहिलंय? मग २००० ते २००७ या काळातला नकाशा आहे, घरी फ्रेम करून लावा. आपल्याकडचं बघायचं तर पालघर जिल्हा शोधा, तो ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. मनालीच्या वर अटल बोगदा आहे का, ते तर बघाच. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि त्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी केलं. ज्या नकाशात तो नाही, त्यातली पुढची सगळी अंतरं रोहतांगच्या घाटावरून मोजलेली आहेत.

महामार्गांचे क्रमांक हा सगळ्यात मोठा गोंधळ. २०१० मध्ये देशभर क्रमांक बदलले. आपण अजून मुंबई-गोवा रस्त्याला 'सतरा नंबर' म्हणतो, तो आता ६६ आहे. नाशिककरांना तीन नंबर म्हणजे आग्रा रोड. पण आजच्या नकाशात राष्ट्रीय महामार्ग ३ म्हणजे अटारी सीमेपासून अमृतसर, मंडी, मनाली करत लेहला जाणारा रस्ता. जुन्या ॲटलासमध्ये मनालीचा रस्ता २१ नंबरचा होता. श्रीनगर-लेह आता १, सिमल्याहून किन्नौरकडे जाणारा ५ (जुना २२), खाबपासून काझामार्गे ग्राम्फूपर्यंत ५०५, आणि कारगिल-झंस्कार ३०१. पिवळ्या डोक्याच्या मैलाच्या दगडावर नवा क्रमांक असतो आणि हातातल्या कागदावर जुना. थंडीने बोटं आखडलेली असताना हे कोडं सोडवत बसू नका. घरीच पेन्सिलीने नवे क्रमांक लिहून घ्या.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक २०२४ च्या पावसाळ्यात कारगिलहून झंस्कारला पदुमपर्यंत गेलं. परतताना मनालीकडे उतरायचं होतं. त्यांच्या ॲटलासमध्ये पदुमहून दार्चाकडे शिंकू ला ही खिंड ओलांडणारी नुसती तुटक रेघ, म्हणजे पायवाट. म्हणून ते आल्या वाटेने पुन्हा कारगिलला गेले, साधारण २३० किलोमीटर, आणि मग लेहमार्गे लांबचा वळसा. वास्तविक बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनने निम्मू-पदुम-दार्चा हा २९८ किलोमीटरचा रस्ता त्याच वर्षी मार्चमध्ये जोडून पूर्ण केला होता. कच्चा, धुळीचा, पण गाडी जाणारा. ॲटलास खोटा नव्हता, म्हातारा झाला होता.

याची उलटी बाजूही आहे. काही ॲप अशा तुटक रेघेला रस्ता समजून वाट आखतात. हिरव्या रंगाची दिमाखदार रेघ दिसते, शेवटी नाला असतो आणि नाल्यावर पूल नसतो. पायवाट आणि गाडीरस्ता यांतला फरक कुठल्या खुणेने दाखवलाय, हे नकाशाच्या सूचीत आधी बघून घ्या. सूची कुणी वाचत नाही. वाचा.

कागदाचे नकाशे

गाडीवाल्याला लागणारं प्रमाण वेगळं, चालणाऱ्याला लागणारं वेगळं. १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. घरं, ओढे, मंदिरं सगळं दिसतं, पण मनाली ते लेह पसरायचं तर चटई लागेल. १:१५,००,००० मध्ये १ सेंटिमीटरला १५ किलोमीटर, म्हणजे अख्खा उत्तर भारत एका कागदावर आणि मनाली-लेह वाटेवरच्या गाटा लूप्स घाटाची एकवीस वळणं एका ठिपक्यात. गाडीसाठी १:१,५०,००० ते १:२,५०,००० या मधल्या पट्ट्यातला नकाशा सोयीचा.

लडाखसाठी आमच्या मते सर्वांत चांगला कागदी नकाशा जिनिव्हाच्या ओलिझान या प्रकाशनाचा, 'लडाख-झंस्कार', १:१,५०,०००, उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन पत्रकांत. तो मुळात चालणाऱ्यांसाठी आहे, पण खिंडी, गावं, गोम्पा (बौद्ध मठ), ओढे इतक्या काळजीने मांडलेत की गाडीवाल्यालाही त्याच्याइतकं दुसरं काही सापडत नाही. महाग आहे. चौघांनी मिळून एक घ्या. नवे रस्ते त्यात सगळे असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. म्युनिकच्या नेलेस कंपनीचा उत्तर भारताचा नकाशा एकंदर आराखडा डोक्यात बसवायला बरा, रस्त्यावर वळण शोधायला नाही. आयशरचा जाडजूड रोड ॲटलास जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानपर्यंत अजूनही उपयोगाचा आहे, वर सांगितलेल्या क्रमांकांच्या दुरुस्त्या करून.

परदेशातून नकाशा मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. भारताच्या सीमा सरकारमान्य नकाशापेक्षा वेगळ्या दाखवणारे नकाशे कस्टममध्ये अडकू शकतात. अमेरिकेहून येणाऱ्या मामेभावाला आणायला सांगत असाल तर त्याला हे कळवा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्यांचे तपशीलवार सरकारी नकाशे, हा वेगळाच प्रांत. १७६७ साली सुरू झालेलं हे खातं, मुख्य कार्यालय डेहराडूनला आणि पुण्यातही आळंदी रोडला एक कार्यालय आहे. २००५ च्या धोरणानंतर नकाशांचे दोन भाग झाले, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरा सर्वांसाठी, ज्याला ओपन सिरीज म्हणतात. ओपन सिरीजची पत्रकं त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या पद्धतीत पुणे ४७ एफ मध्ये आणि लेह ५२ एफ मध्ये येतं, ओपन सिरीजचे क्रमांक निराळे. पण लडाख-स्पिती म्हणजे सीमाभाग, तिथली बरीच पत्रकं सर्वांना मिळत नाहीत, आणि मिळाली तरी रस्ते जुन्या मोजणीचे. डोंगर, नदी, गावाची जागा यांसाठी टोपोशीट उत्तम, रस्त्यासाठी नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवलेले अमेरिकी लष्कराचे १९५० च्या दशकातले १:२,५०,००० चे नकाशे बघायला फार सुंदर आहेत. बघाच. त्यावर गाडी चालवू नका.

मोबाइल

बाहेरून आणलेलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तेही लेह, कारगिल अशा ठिकाणी, मध्ये तासन् तास काही नाही. पण रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहाकडून येतं. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला असला की झालं.

गूगलचा ऑफलाइन भाग उतरवून ठेवा, त्याला मुदत असते, म्हणून निघताना पुन्हा ताजा करा. पण भरवसा आम्ही ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडवर ठेवतो. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात, जी २००४ पासून जगभरचे हौशी लोक भरत आलेत. त्यामुळे कुठे एखादी टपरीसुद्धा नोंदलेली आणि शेजारची अख्खी दरी कोरी, असं होतं. हिमाचल आणि लडाख दोन्ही भाग उतरवा. पुष्कळजण एकच उतरवतात आणि सर्चूला, जिथे हद्द बदलते, पडदा पांढरा होतो.

ॲपने सांगितलेला वेळ दीडपट धरा. काझा-ग्राम्फू पट्ट्यात दुप्पट. तिथले नाले सकाळी घोट्याएवढे आणि ऊन चढून बर्फ वितळलं की दुपारी गुडघ्यावर, हे कुठल्याच नकाशात नसतं. याच पट्ट्यातल्या बातलच्या बाजूने जायचं तर पहाटे निघा.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर ते कुठल्या पद्धतीत आहेत ते विचारा. लेह ३४.१५ अंशांवर आहे. हाच आकडा कुणी ३४ अंश १५ मिनिटं असा वाचला तर तो अकरा किलोमीटर उत्तरेला जाऊन पोचतो. अंशाचे साठ भाग आणि दशांश यांतला हा घोळ आमच्याकडच्या एका इंजिनिअर गिऱ्हाइकानेही केलाय, नाव सांगत नाही.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र आणू नका. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि परदेशातून सुट्टीला आलेले आपलेच लोक यात सापडतात.

नावं

तिकडची नावं तीन-तीन प्रकारे लिहिलेली असतात. पदुम, पदम, पादुम एकच. शिंकू ला, शिंगो ला एकच. थोडे शब्द कळले की नकाशा बोलू लागतो. 'ला' म्हणजे खिंड, म्हणून 'खारदुंग ला पास' म्हणजे आपल्याकडे 'खिंड-खिंड'. 'त्सो' तलाव, 'चू' पाणी किंवा नदी, 'सुमदो' म्हणजे संगम. संगम पुष्कळ, म्हणून सुमदोही पुष्कळ. एक किन्नौर-स्पितीच्या वाटेवर, एक लडाखात पुगाजवळ. ॲपमध्ये नुसतं सुमदो टाकून निघू नका.

उंचीच्या पाट्यांवर फार जाऊ नका. खारदुंग ला च्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं आहे, उपग्रहाच्या मोजणीत ती १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. फोटो पाटीजवळ काढा, उंचीच्या त्रासाच्या गोळ्या आणि मुक्काम नकाशातल्या उंचीवरून ठरवा.

पेट्रोल नकाशावर मांडा

केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी फार प्रसिद्ध आहे. नवे पंप होत असतात, तरी हिशोब त्या पाटीवरूनच करा. १३ लिटरची टाकी आणि ३० चं मायलेज, म्हणजे ३९० किलोमीटर, जमलं असं वाटतं. पण बारालाचा, नाकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला असे चार चढ, मागे बायको आणि सामान. मायलेज २५ वर आलं की ३२५ ला टाकी कोरडी. म्हणजे पांगच्या पुढे मोरे मैदानात मनात धाकधूक सुरू. पाच लिटरचा कॅन आमच्याकडे भाड्याने मिळतो, आणि तो बांधायचा कसा ते दाखवल्याशिवाय आम्ही देत नाही.

प्रवासाआधी एका कागदावर आपला स्वतःचा तक्ता बनवा. ठिकाण, आधीच्या ठिकाणापासून अंतर, उंची, पेट्रोल आहे की नाही, मुक्काम. एवढे पाच रकाने. टँक बॅगच्या पारदर्शक कप्प्यात बसेल इतका. फोनची बॅटरी थंडीने उतरते, कागदाची नाही. प्रत्येक मुक्कामावर ढाबेवाल्याला, लष्कराच्या ट्रकवाल्याला किंवा समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पुढचं विचारा आणि त्याच कागदावर तारखेसह लिहा. रस्ता उघडा की बंद, हे लेह आणि लाहौल-स्पितीचे पोलीस समाजमाध्यमांवर टाकत असतात, रेंज असेल तिथे ते बघून घ्या. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीसाठी परवाना लागतो, त्याच्या चार-पाच प्रती काढा. चौकीवर प्रत ठेवून घेतात.

ओलिझानचे तिन्ही नकाशे आमच्याकडे बघायला ठेवलेले आहेत. अनामत ठेवून पंधरा दिवसांसाठी नेताही येतात. परत आणताना पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. कुठे पूल नवा झाला, कुठे रस्ता वाहून गेला, कुठल्या गावात पंक्चरवाला आहे, ते तारीख घालून तसंच राहू द्या. पुढचा गिऱ्हाईक तोच नकाशा घेऊन जाणार आहे.