हळद आणि दारुहळद: रंग एक, आतड्यातली अडचण निराळी

काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद मागितली तर पिवळ्या लाकडाच्या ढलप्या किंवा त्यांची पूड मिळते. घरी आल्यावर ती पूड हळदीच्या डब्याशेजारी जाऊन बसते. नावात हळद, रंगही तोच, म्हणून तीही दुधात पडते आणि वर मिरपूड भुरभुरली जाते. हळदीसोबत मिरी आणि तूप घ्यावं, म्हणजे ती ‘अंगी लागते’, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. दारुहळदीला हा सल्ला लागू पडत नाही. दोन्हींतली मुख्य द्रव्यं रक्तात जेमतेम पोहोचतात, हे खरं. पण त्यांचं घोडं अडतं वेगवेगळ्या ठिकाणी.

आधी ओळख. हळद आल्याच्या कुळातली. तिचा कंद उकडून, वाळवून, घासून दळतात. तिचं पिवळं द्रव्य म्हणजे करक्युमिन. दारुहळद म्हणजे बर्बेरिस अरिस्टाटा, हिमालयातलं काटेरी झुडूप. औषधात तिचं खोड आणि मूळ वापरतात, आणि तिच्याच काढा आटवून रसांजन नावाचा घट्ट अर्क करतात. तिचं पिवळं द्रव्य बर्बेरिन. दक्षिणेत दारुहळद म्हणून कोसिनियम या वेलीचं खोडही विकलं जातं. तिच्यातही बर्बेरिनच असतं, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू आहे. आंबेहळद हा तिसराच कंद, त्याचा इथे संबंध नाही.

दोन्हींतला फरक घरच्या घरी दिसतो. दोन ग्लासांत गरम पाणी घ्या, एकात अर्धा चमचा हळद आणि दुसऱ्यात अर्धा चमचा दारुहळद ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी हळदीचा गाळ तळाशी बसलेला असतो आणि वरचं पाणी फिकट, गढूळ असतं. दारुहळदीचा भुसाही खाली बसतो, पण वरचं पाणी स्वच्छ पिवळं असतं आणि जिभेला लावलं तर चांगलंच कडू लागतं. आता दोन्हींचा थोडा गाळ वेगवेगळ्या बशीत घेऊन त्यावर खायचा चुना टाका. हळद लालभडक होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. दारुहळद लाल होत नाही. ‘दारुहळद’ म्हणून आणलेली पूड लाल झाली, तर दुकानदाराने तिच्यात हळद मिसळली आहे किंवा सरळ हळदच बांधून दिली आहे.

आतड्यातली गोष्ट याच दोन ग्लासांपासून सुरू होते. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि न विरघळलेला कण आतड्याच्या अस्तरातून आत जाऊ शकत नाही. त्याला स्निग्ध पदार्थ आणि पित्त लागतं. जेवणात तेल-तूप असेल तर पित्त सुटतं, त्याने तेल-तुपाचे सूक्ष्म थेंब तयार होतात आणि करक्युमिन त्यांत शिरून भिंतीपर्यंत जातं. हळद फोडणीत पडते तेव्हा हे काम आपोआप होतं. नुसत्या पाण्याबरोबर फाकी मारली, तर बरीचशी हळद तशीच पुढे सरकते. शिवाय लहान आतड्यातल्या किंचित अल्कधर्मी वातावरणात करक्युमिन टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात.

भिंतीत शिरणं त्याला फारसं जड नाही, कारण पेशीचं आवरण स्निग्ध आणि करक्युमिनही स्निग्धप्रेमी. खरी अडचण त्यानंतर येते. अस्तराच्या पेशींतच अशी विकरं (एन्झाइम) आहेत, जी करक्युमिनला ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून टाकतात. वाचलेलं यकृतात गेलं की तिथेही तेच. अशी जोडणी झालेलं करक्युमिन पित्तातून पुन्हा आतड्यात जातं आणि शौचावाटे निघून जातं. एका चाचणीत निरोगी माणसांना वाढत्या मात्रा दिल्या. 8 ग्रॅम करक्युमिनपर्यंत रक्तद्रवात ते सापडलंच नाही.

मिरी इथे कामाला येते. तिच्यातलं पायपेरिन ही जोडणी करणाऱ्या विकरांना काही काळ रोखतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिलीग्रॅम पायपेरिन दिल्यावर जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोहोचणारा वाटा, 2000 टक्क्यांनी वाढली. हा आकडा करक्युमिनच्या गोळ्यांच्या अनेक डब्यांवर छापलेला असतो, पण तो कोणत्या पायावर वाढला हे डबीवर नसतं. नुसतं करक्युमिन घेतलेल्यांच्या रक्तात ते नगण्य होतं, आणि नगण्याच्या वीसपट म्हणजेही फार नव्हे. शिवाय हळदीत करक्युमिन 3 टक्के धरलं, तर 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅमच्या वर हळद लागेल. वायगावची हळद जास्त करक्युमिनसाठी नावाजलेली आहे. तिचा हिशेब केला तरी तीस-पस्तीस ग्रॅमच्या खाली येत नाही. चमचाभर हळदीत, म्हणजे सुमारे 3 ग्रॅममध्ये, करक्युमिन 90 मिलीग्रॅम. 20 मिलीग्रॅम पायपेरिनसाठी साधारण 400 मिलीग्रॅम मिरी, म्हणजे आठ-दहा दाणे. चिमूटभर हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड चवीला छान. त्यावर 2000 टक्क्यांचा हिशेब मांडू नये.

थोडक्यात, तूप पहिल्या अडचणीवर, मिरी दुसऱ्या अडचणीवर. आता हेच दोन उपाय दारुहळदीला लावून बघा.

बर्बेरिनला विरघळायची अडचण नाही, गरम पाण्यात ते उतरतं. म्हणून दारुहळदीचा काढा करतात: कठीण द्रव्य असल्याने भरडीच्या सोळापट पाणी, आणि चौथा हिस्सा उरेपर्यंत मंद आच. 10 ग्रॅम भरड, 160 मिलिलिटर पाणी, उरलेलं 40. बारीक पूड घेतली तर ती तळाला लागते आणि गाळताना फडकं तुंबतं, म्हणून भरडच बरी.

अडचण भिंतीपाशी येते. बर्बेरिनच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो. पोटातलं आम्ल असो की आतड्यातला अल्क, तो जात नाही, आणि असा रेणू स्निग्ध आवरणातून सहजी पार होत नाही. तूप घातल्याने हा भार उतरत नाही, आणि मिरी जी जोडणी रोखते ती इथली मुख्य अडचणच नाही. जे थोडं आत शिरतं, त्याला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप पुन्हा आतड्याच्या पोकळीत फेकतो, होडीत शिरलेलं पाणी उपसून टाकावं तसं. त्यातूनही निसटलेलं यकृत उचलतं. उंदरांवरच्या मोजणीत तोंडावाटे दिलेल्या बर्बेरिनपैकी एक टक्काही रक्तात पोहोचलं नाही.

पण एक आडवाट आहे, आणि ती जीवाणूंच्या हातात आहे. आतड्यातले काही जीवाणू बर्बेरिनचं डायहायड्रोबर्बेरिन करतात. त्याच्यावर तो भार नसतो, म्हणून ते कितीतरी सहज शोषलं जातं आणि भिंतीत शिरल्यावर परत बर्बेरिन होतं. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर ही वाटच अरुंद होते. हळदीला मिरी हवी की नको, यावर तासन्‌तास बोललं जातं; दारुहळदीच्या बाबतीत मात्र जीवाणूंचा विषय कुणी काढत नाही.

न शोषलं जाणं म्हणजे वाया जाणं, हेही धरून चालू नका. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या चाचणीत ई. कोलाय जीवाणूमुळे झालेल्या जुलाबात 400 मिलीग्रॅम बर्बेरिन सल्फेटच्या एका मात्रेने शौचाचं प्रमाण घटलं. तिथे औषध आतड्यात राहिलं हेच सोयीचं होतं. (जलसंजीवनी तरीही आधी. काढा तिची जागा घेत नाही.) रक्तशर्करेसाठीच्या चाचण्यांत 500 मिलीग्रॅम दिवसातून तीन वेळा दिलं गेलं. 10 ग्रॅम भरडीत बर्बेरिन 2 टक्के असलं आणि ते सगळं काढ्यात उतरलं, तरी होतात 200 मिलीग्रॅम. खोडापेक्षा मुळात ते जास्त असतं आणि दर मालागणिक बदलतं, त्यामुळे काढ्याचा कप आणि गोळी यांची बरोबरी करता येत नाही.

जपायचं कुठे, तेही दोघींचं वेगळं आहे. पायपेरिन करक्युमिनपुरतं थांबत नाही. फेनिटॉइन (फिटचं औषध), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं), थिओफायलिन (दम्याचं) यांचीही रक्तातली पातळी ते वाढवतं. आमटी-भाजीतल्या चिमूटभर मिरीने हे सहसा होणार नाही, पण पायपेरिनच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने डॉक्टरांना सांगायला हवं. पित्ताशयात खडे असतील तर करक्युमिनच्या गोळ्या नकोत, कारण त्याने पित्ताशय आकुंचन पावतं. बर्बेरिन सायक्लोस्पोरिनची (प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची) पातळी वाढवतं, म्हणून मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी ते स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरण्याचा धोका. गरोदरपणात आणि तान्ह्या बाळाला दारुहळद देऊ नये. नवजात बाळाची कावीळ तिने वाढू शकते.

शोषण वाढवलेल्या करक्युमिनच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाली आहे. इटली आणि ऑस्ट्रेलियातल्या औषध नियंत्रकांनी तसे इशारे दिले आहेत. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल हा इशारा नाही. अशा गोळ्या चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करावी आणि डबी डॉक्टरांकडे सोबत न्यावी.