मळणी यंत्र : सुरक्षित रचनेच्या अटी

ट्रॅक्टर, डिझेल इंजिन किंवा विजेच्या मोटरवर चालणारे मळणी यंत्र (बोलीत थ्रेशर) बनवणाऱ्याने रचना करतानाच पाळायच्या अटी. या यंत्रासाठी भारतात स्वतंत्र कायदा आहे : धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३. त्याने उत्पादकावर परवान्याची आणि मानकाप्रमाणे यंत्र बनवण्याची जबाबदारी टाकली. तांत्रिक अटी भारतीय मानक ९०२० मध्ये आहेत.

यंत्र-सुरक्षेचा क्रम आयएसओ १२१०० या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिला आहे. धोका आधी रचनेतूनच काढायचा, उरेल त्याला आवरण घालायचे, आणि तरीही जो राहील त्याचीच सूचना लिहायची. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये हा क्रम पुष्कळदा उलटा चालतो : ‘हात घालू नये’ हे ठळक रंगवलेले असते आणि पीक आत सोडायची पन्हळ मात्र आखूड.

पीक टाकायची पन्हळ हीच यातली सगळ्यात महत्त्वाची बाब. तिची लांबी किमान ९०० मिमी हवी आणि ड्रमच्या (पीक झोडपणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या) तोंडाकडचा किमान ४५० मिमी भाग वरून झाकलेला हवा. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची पोच आयएसओ १३८५७ मध्ये ८५० मिमी धरली आहे. तिच्याशी ताडून पाहिले की ९०० चा अर्थ लागतो. झाकण नसेल तर माणूस पन्हळीवर ओणवा होतो आणि लांबीचा उपयोग संपतो. सोयाबीन आणि तुरीची झाडे फांद्यांनी एकमेकांत अडकलेली असतात. ड्रमने एक टोक पकडले की अख्खा भारा ओढला जातो, मुठीत धरलेला हातही त्यासोबत जातो. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन ड्रमला गुंडाळते, यंत्र चोंदते आणि मजूर हाताने रेटू लागतो. म्हणून पन्हळीला ड्रमकडे किंचित उतार हवा, म्हणजे पीक आपोआप सरकते. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या हव्यात.

ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा (इंजिनाची शक्ती यंत्राला देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. ३५ मिमी जाडीच्या दांड्यावर एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळले जाते. पदर किंवा दुपट्टा सोडवायला वेळच मिळत नाही. दांडा, पट्टे, पुली आणि फ्लायव्हील (गती टिकवणारे जड चाक) यांना पूर्ण आवरण लागते ते यासाठी. आवरण अवजाराशिवाय निघू नये आणि काढल्यावर बोल्ट त्यालाच अडकून राहावेत, नाहीतर ते कुटारात हरवतात. ग्रीसचे निपल (ग्रीस भरायचे तोंड) आवरणाच्या आत ठेवले तर पहिल्याच आठवड्यात आवरण उतरते, ते परत चढत नाही. हा दोष चालकाचा कमी, आखणाऱ्याचा जास्त.

पुरवठा तोडल्यावरही फ्लायव्हीलच्या जोरावर ड्रम काही वेळ फिरत राहतो. ड्रमचे झाकण त्यामुळे खिट्टीवर नव्हे, बोल्टवर बसवावे.

मोटरवरच्या यंत्राला आपत्कालीन थांबा लागतो : पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल छत्रीचे बटण, दाबले की अडकून राहणारे. ते पीक टाकणाऱ्याच्या हाताशी असावे, स्टार्टरच्या पेटीत नव्हे. वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की स्टार्टर सोडणारे वेटोळे) हेच काम करते. रात्रीच्या विजेसाठी विहिरीच्या मोटरला वीज येताच ती आपोआप सुरू करणारा जो ‘ऑटो’ लावतात, तो थ्रेशर, कडबाकुट्टी किंवा डाळमिलच्या स्टार्टरवर कधीही चढवू नये.

जिनिंगसारख्या कारखानी यंत्रांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २६ होते : फिरत्या दांड्यावरचे स्क्रू, बोल्ट, चाव्या खाली बसवलेल्या किंवा झाकलेल्या असाव्यात, आणि तसे नसलेले यंत्र कारखान्यासाठी विकणाराही दोषी. कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामाला लावण्यास कलम २७ ने मनाई केली होती.