कॉइल व्हाइन, संगणकातील

संगणकातील ग्राफिक कार्ड, मदरबोर्ड किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यांच्यातून भार वाढताच येणारा बारीक, चिरका आवाज. थ्रीडी दृश्य रेंडरला लावले, म्हणजे त्याचे चित्र तयार करायला घेतले, की तो सुरू होतो आणि रेंडर थांबवताच तत्क्षणी बंद पडतो. पंखा असा तडकाफडकी गप्प होत नाही, चिप थंड होईपर्यंत फिरत राहतो. दोन्ही आवाज वेगळे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

कारणे : एसएमपीएसकडून कार्डाला १२ व्होल्ट मिळतात, ग्राफिक चिपला लागतो जेमतेम १ व्होल्ट. त्यामुळे ३०० वॅट खाणाऱ्या कार्डात चिपकडे जाणारा प्रवाह २०० अँपिअरच्याही वर जाऊ शकतो. हे रूपांतर चिपभोवतीच्या चौकोनी चोकांमधून (तारेच्या गुंडाळ्या, म्हणजेच कॉइल) होते आणि तेथे वीज सेकंदाला काही लाख वेळा जोडली-तोडली जाते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो, म्हणजे हे ऐकूच येऊ नये. ऐकू येतो तो भाराचा चढउतार. प्रत्येक फ्रेम (पडद्यावरचे एकेक चित्र) काढताना चिप प्रवाह ओढते, मग क्षणभर सैलावते. गेमच्या मेनूसारखे हलके दृश्य सेकंदाला २,००० फ्रेमनी पळू लागले, तर त्या ओढाताणीची शिट्टी थेट कानाच्या टप्प्यात येते. म्हणूनच जड दृश्यापेक्षा रिकामा मेनू जास्त किंचाळतो.

चुंबकीय क्षेत्र बदलले की चोकचा गाभा किंचित ताणतो-आखडतो. हा परिणाम जूल यांनी १८४२ मध्ये लोखंडात नोंदवला होता. गुंडाळीचे वेढेही एकमेकांना ओढतात, आणि ते सैल असतील तर थरथरतात. सिरॅमिक कपॅसिटर दाबविद्युत गुणामुळे (व्होल्टेज बदलला की आकार किंचित बदलणे) बोर्डालाच कंप देतात. रेंडरमध्ये भार क्षणाक्षणाला बदलत असल्याने सूर दृश्यागणिक वेगळा लागतो. सवयीच्या माणसाला शेजारच्या खोलीतूनही रेंडर संपल्याचे कळते.

निदान : कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावावे आणि दुसरे कॅबिनेटच्या उघड्या बाजूने, कशालाही न टेकवता फिरवावे. आवाज कार्डाचा की एसएमपीएसचा, हे बहुधा लगेच कळते. नंतर फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० वर बांधून पाहावे. सूर बदलला किंवा विरला, तर निदान पक्के. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नये, त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहतात.

मुंबईतील परिस्थिती : कार्डाला दोष देऊन संगणकाच्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) गाठण्यापूर्वी घरचे अर्थिंग तपासणे शहाणपणाचे. जुन्या चाळींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण आत तार नसते. अशा वेळी एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट बसतात. प्रवाह अत्यल्प असतो, तरी कडेला मनगट टेकले की झिणझिण्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. याच घरांत रेंडर सुरू होताच स्पीकर घरघरू लागतो. स्पीकरची पिन उपसल्यावर आवाज गेला, तर ती कॉइल व्हाइन नव्हे. ध्वनिमार्गात शिरलेला गोंगाट आहे. अर्थिंग करून घेणे, स्पीकर आणि संगणक एकाच बोर्डावर लावणे किंवा यूएसबीवरचे वेगळे साउंड कार्ड वापरणे, हे त्यावरचे उपाय. काही वायरमन सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. ते कटाक्षाने नाकारावे : न्यूट्रल तुटली की सगळ्या कॅबिनेटमध्ये वीज उतरते.

सतत एकाच पट्टीत येणारी, खर्जातली गुणगुण १०० हर्ट्‌झची, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्याची दुप्पट असते आणि ती बहुधा यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरची निघते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन लहरीऐवजी पायऱ्यांची लहर देतो. तेव्हा एसएमपीएसही कुरकुरतो.

उपाय : फ्रेमवर मर्यादा घालणे, कार्डाची वीजमर्यादा थोडी उतरवणे किंवा चिपचा व्होल्टेज कमी करणे, यांनी आवाज बराच घटतो, रेंडरला थोडा अधिक वेळ लागू शकतो. कधी दुसरा एसएमपीएस लावताच तेच कार्ड शांत होते, म्हणून ओळखीच्या दुकानातून तो तात्पुरता आणून पाहावा. चोकवर चिकटद्रव्य ओतण्याचा उद्योग काही जण करतात. त्यात वॉरंटी जाते आणि यशाची खात्री नसते. निव्वळ आवाजासाठी उत्पादक सहसा कार्ड बदलून देत नाहीत, कारण त्याने कार्डाचे आयुष्य घटते असे मानले जात नाही. विकत घेताना दुकानातच भार टाकून ऐकण्यातही फारसा अर्थ नाही. लॅमिंग्टन रोडच्या गोंगाटात काय ऐकू येणार! शिवाय वयाबरोबर उंच सूर ऐकू येईनासे होतात. मुलाला छळणारी शिट्टी वडिलांना ऐकूच न येणे, हे त्यामुळे साहजिक आहे.

अनियमित तडतड मात्र वेगळी. खारट, दमट हवेने गंजलेला प्लग किंवा सैल सॉकेट ठिणग्या टाकत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर रेंडर अर्धवट सोडून भिंतीवरचे बटण आधी बंद करावे.