पासष्टीनंतर आरोग्य विमा मिळत नाही? खुलासा

नांदेड-परभणीकडं पारावर अजून ऐकू येतं, "पासष्टी ओलांडली, आता कोण विमा देतंय?" हे खरं नाही. १ एप्रिल २०२४ पासून सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवा, असा विमा नियामकाचा नियम आहे. तब्येत पाहून कंपनी हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते. बीपी-शुगर आधीची असेल तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून आजार लपवू नका, क्लेम तिथंच अडतो.

दुसरा गैरसमज रेशनकार्डाचा: गरिबांचं रेशनकार्ड असेल तरच सरकारी योजनेत मोफत उपचार मिळतात, असं अनेकांना वाटतं. पण सत्तरीपुढच्यांसाठी केंद्र सरकारच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात मोफत होतात. आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड निघतं.

वय मात्र आधारवरचंच धरतात. आपल्याकडं कित्येकांची जन्मतारीख शाळेत अंदाजानं लिहिलेली, १ जून. आधारवर वय कमी पडलं असेल तर आधी पुराव्यानिशी ती दुरुस्ती करून घ्या, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येण्याआधीच.