उभ्या रेघेची करामत

लिनक्स या संगणक प्रणालीचं टर्मिनल, म्हणजे कमांड (आज्ञा) टाइप करायची खिडकी, म्हटलं की सर्व्हर सांभाळणारे लोक डोळ्यांसमोर येतात. पण खर्चाचा हिशेब, वर्षानुवर्षं साठलेले फोटो, जुन्या नोंदींतली शोधाशोध अशा घरगुती कामांनाही ते फार उपयोगी पडतं. त्यातल्या कमांड छोट्या, एकेकच काम करणाऱ्या. मोठी कामं होतात ती त्या एकमेकींना जोडल्यावर.

जोडणी करते एक उभी रेघ (|), म्हणजे पाइप. एका कमांडमधून निघालेला मजकूर ती पुढच्या कमांडला देते. प्रोग्रॅम बागेतल्या रबरी नळीच्या तुकड्यांसारखे एकाला एक जोडता यावेत, असं बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये तिथल्याच केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीमध्ये ती सोय केली आणि पुढे लिनक्सनेही ती घेतली.

समजा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रोजचा खर्च लिहिला आहे. आधी तारीख, मग प्रकार, मग रक्कम, आणि एका ओळीत एकच नोंद. औषधांवर किती गेले? ग्रेप ही कमांड ‘औषधं’ असलेल्या ओळी वेचून काढते, उभी रेघ त्या ऑक या दुसऱ्या कमांडकडे देते आणि ऑक तिसऱ्या रकान्याची बेरीज करतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, महिना आणि दिवस दोन आकडी ठेवून लिहिली, तर आणखी एक फायदा होतो. तारीख म्हणजे काय हे ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट या कमांडला कळावं लागत नाही. अक्षरक्रमाने लावलेल्या ओळी आपसूक कालक्रमानेही लागतात. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. प्रकार मराठीत चालतो, पण रक्कम इंग्रजी आकड्यांतच लिहावी. देवनागरी आकड्यांना ऑक संख्या मानत नाही. बेरीज शून्य येते आणि काही बिघडल्याची सूचनाही मिळत नाही.

या जोडणीचा खरा कस लागतो तो फोटोंच्या पसाऱ्यात. फोनमधून पुन्हा पुन्हा कॉपी केलेले तेच फोटो वेगवेगळ्या फोल्डरांत, वेगवेगळ्या नावांनी पडलेले असतात. नावावरून ते ओळखता येत नाहीत, म्हणून आतला मजकूर तपासायचा. फाइंड ही कमांड सगळ्या फाइली शोधून शा-२५६-सम या कमांडकडे सोपवते. ते प्रत्येक फाइल बाइट न् बाइट वाचून तिचा २५६ बिटांचा, ६४ अक्षरांत लिहिलेला ठसा काढतं आणि पुढे फाइलचं नाव छापतं. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. दोन निराळ्या फोटोंचा ठसा योगायोगाने जुळण्याची शक्यता व्यवहारात सोडूनच द्यावी इतकी कमी.

ही यादी आधी सॉर्टमधून आणि मग सारख्या ओळी ओळखणाऱ्या युनिक या कमांडमधून जाते. हा क्रम बदलता येत नाही, कारण युनिक प्रत्येक ओळ फक्त तिच्या लगतच्या ओळीशी ताडून पाहतं. त्यामुळे त्याला सगळी यादी लक्षात ठेवावी लागत नाही. पण सारखे ठसे शेजारी आणून ठेवायचं काम सॉर्टचं. पहिली ६४ अक्षरंच ताडून पाहा, असं युनिकला सांगितलं की नावं वेगळी असली तरी जुळे फोटो पकडले जातात.

या कमांड एकापाठोपाठ एक चालत नाहीत, सगळ्या एकदमच सुरू होतात. मधला मजकूर डिस्कवर न लिहिता थेट मेमरीतून पुढे सरकतो. लिनक्समध्ये एका पाइपमध्ये सहसा ६४ किलोबाइट मावतात. तो भरला की मागची कमांड थांबते, पुढचीने उपसा केला की पुन्हा चालू लागते. मला यातली ही आपोआप होणारी देवघेव सगळ्यात सुंदर वाटते. अपवाद सॉर्टचा. शेवटची ओळ हाती आल्याशिवाय पहिली कोणती हे ठरवताच येत नाही, म्हणून फोटो भरपूर असले की पडदा बराच वेळ कोरा राहतो आणि मग यादी धाडकन येते. तेवढ्यात घाबरून काम बंद करू नये.

शिवाय यातलं काहीच इंटरनेटवर जात नाही. घरातले फोटो आणि हिशेब यांच्या बाबतीत मला हे फार मोलाचं वाटतं.

मर्यादाही आहे. मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरून, आकार कमी होऊन आलेला तोच फोटो या पद्धतीने सापडत नाही, कारण डोळ्यांना तो सारखा दिसला तरी त्याचे बाइट बदललेले असतात. आणि यादी मिळाली म्हणून तिला थेट आरएम ही पुसणारी कमांड जोडू नये. यादीत मूळ फोटोही असतो आणि आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. यादी फाइलमध्ये साठवावी, डोळ्यांखालून घालावी आणि नको ते फोटो हाताने काढावेत.