ओरेगॉन मिशन: १८४३ च्या निर्णयामागचा इतिहास

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत, ओरेगॉन राज्याचे दोन पुतळे आहेत, दोन्ही १९५३ चे. एक जेसन ली या मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मिशनऱ्याचा. दुसरा फोर्ट व्हँकुव्हरच्या ब्रिटिश व्यापारी ठाण्याच्या प्रमुखाचा, ज्याने लीला ओरेगॉनमधल्या विलॅमेट नदीच्या खोऱ्यात वस्ती करण्याचा सल्ला दिला. १९०६ मध्ये या मिशनऱ्याच्या अस्थी कॅनडाच्या सीमेवरून आणून सेलममध्ये पुरण्यात आल्या. एवढ्या मानसन्मानात एक गोष्ट झाकली जाते: न्यूयॉर्कच्या ज्या मेथडिस्ट मिशन मंडळाने त्याला पाठवले, त्यानेच १८४३ मध्ये त्याचे म्हणणे न ऐकता त्याला ओरेगॉन मिशनच्या प्रमुखपदावरून काढले होते.

सरहद्दीवरचा नेहमीचा मेथडिस्ट उपदेशक घोड्यावरून फिरत असे. चार ते सहा आठवड्यांची फेरी, वर्षाला ८० डॉलर (१८१६ पासून १००), आणि चर्चची वार्षिक परिषद नेमेल तिथे बदली. रात्रीचा मुक्काम, जेवण आणि घोड्याचा चारा वाटेवरची सभासद कुटुंबे पाहत, म्हणून एवढ्या पैशांत भागत असे. ओरेगॉनला ही सभासद कुटुंबेच नव्हती. तिथे टिकायचे तर आधी शेती उभी करणे भाग होते, आणि पुढचे सगळे वाद या एका गरजेतून निघाले.

मिशनचे निमित्त वेगळेच होते. १८३१ मध्ये रॉकी पर्वताकडचे चार आदिवासी सेंट लुईसला आले. त्यांना ख्रिस्ती धर्माची माहिती हवी आहे, असे सांगणारे वायनडॉट या आदिवासी जमातीच्या एका दुभाष्याचे पत्र मार्च १८३३ मध्ये मेथडिस्ट साप्ताहिकात छापले गेले आणि पूर्वेकडे वर्गण्या सुरू झाल्या. १८३४ मध्ये लीसह पाच जण व्यापारी तांड्याबरोबर निघाले. ज्यांच्यासाठी हे मिशन निघाले ते रॉकी पर्वताकडचे नेझ पर्स आणि फ्लॅटहेड लोक त्यांना वाटेतच भेटले, तरी हे पाचही जण पुढे किनाऱ्याकडे गेले. विलॅमेटची जमीन सुपीक होती, फोर्ट व्हँकुव्हर चालवणाऱ्या हडसन्स बे कंपनीतून निवृत्त झालेले फ्रेंच-कॅनडियन शेतकरी तिथे आधीपासून होते आणि माल जवळच मिळत होता. ज्यांच्या नावाने पैसा जमला ते मात्र डोंगरापलीकडेच राहिले. मिशनचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो पहिल्याच वर्षाचा आहे.

पहिले घर ओंडक्यांचे, ३२ फूट बाय १८ फूट. जागा नदीकाठची, सखल. पुराचे पाणी आणि डास दोन्ही तिथे. १८३० पासून पसरलेल्या हिवतापाने खोऱ्यातल्या कालापुया आदिवासींच्या वस्त्या जवळजवळ रिकाम्या केल्या होत्या. शाळेत आली ती बहुतेक अनाथ, आजारी मुले. काही दगावली, काही पळून गेली. मिशनरीही तापाने पडत आणि पिकाची कामे अडत. १८४० नंतर मुख्य ठाणे वरच्या बाजूला, आजच्या सेलमजवळ हलवले आणि तिथे गिरणी घातली.

त्याआधी, १८३८ मध्ये ली मदत मागायला पूर्वेला गेला होता. सोबत वसाहतकऱ्यांचा अमेरिकी कायद्याचे संरक्षण मागणारा अर्जही होता. जून १८४० मध्ये एक जहाज केप हॉर्नला वळसा घालून सुमारे ५० माणसे घेऊन आले: उपदेशक थोडे, सुतार, लोहार, शेतकरी, शिक्षिका आणि मुले जास्त. आदिवासी लोकसंख्या घटत असताना पगारी माणसे वाढली. खरेदी मोठी, न्यूयॉर्कवर काढलेल्या हुंड्याही मोठ्या, आणि तपशीलवार हिशेब मात्र पोहोचत नव्हता. तिथला डॉक्टर भांडून परतला होता. परतलेल्या इतरांनीही तक्रारी केल्या.

मंडळाची हिशेबाची मागणी रास्तच होती. लोकांच्या वर्गणीतून हुंड्या वटवायच्या तर खर्च कशावर झाला हे कळायलाच हवे. चुकले ते पद्धतीत. पत्राला एका बाजूने सहा महिने ते वर्ष लागे. त्यामुळे प्रश्न, उत्तर आणि खुलासा एवढ्यातच दोन वर्षे जात. तेवढी वाट न पाहता नवा प्रमुख नेमला गेला. जुना प्रमुख ली खुलासा द्यायला स्वतःहून निघालेलाच होता. आपली जागा गेल्याचे त्याला १८४४ च्या सुरुवातीला होनोलुलूत कळले. मेक्सिकोमार्गे तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि जुलैमध्ये मंडळापुढे उभा राहिला. पैशांचा अपहार सिद्ध झाला नाही. पद मात्र परत मिळाले नाही, कारण त्याच उन्हाळ्यात नवा प्रमुख ओरेगॉनमध्ये मालमत्ता विकत होता. सुनावणी आणि विक्री एकाच वेळी चालू होती, आणि एकीची बातमी दुसरीकडे पोहोचणे शक्य नव्हते. मार्च १८४५ मध्ये, क्वेबेकमधल्या जन्मगावी लीचा मृत्यू झाला.

नव्या प्रमुखाने शेते, गुरे, गिरण्या विकल्या. आदिवासी मुलांसाठी बांधलेली शाळेची इमारत ४,००० डॉलरला गेली आणि तिथे गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या मुलांची शाळा भरू लागली. तिचेच पुढे सेलमचे आजचे विलॅमेट विद्यापीठ झाले. कोलंबिया नदीवरचे डॅल्सचे ठाणे तेवढे उरले होते. तेही १८४७ मध्ये दुसऱ्या पंथाच्या मिशनकडे सोपवले गेले.